मादागास्करचे होवा पंतप्रधान: राणीच्या नावाने राज्य नेमकं कसं चालायचं?

बखरकार

एकोणिसाव्या शतकातल्या मादागास्करबद्दल आपल्याकडे जे थोडंफार वाचायला मिळतं, ते बहुतेक रानावालोना पहिलीच्या क्रौर्यापाशी येऊन थांबतं. त्यात राज्य चालवणारी माणसं दिसतच नाहीत, म्हणून हा धागा.

1828 ते 1895 या काळात राजधानी अंतानानारिवोच्या गादीवर चार राण्या आणि एक राजा बसला. राजा दोन वर्षंही टिकला नाही. याच काळात 1833 पासून पुढची 62 वर्षं पंतप्रधानपद एकाच घरात राहिलं. आधी बाप रैनिहारो (1833 ते 1852), मग थोरला मुलगा रैनिवोनिनाहित्रिनिओनी (1852 ते 1864, पुढे त्याला राहारो म्हणतो), मग धाकटा रैनिलायारिवोनी (1864 ते 1895). हे घराणं राजवंशाचं नव्हतं. राज्य करणाऱ्या मेरिना समाजाचे तीन मोठे थर होते: आंद्रियाना म्हणजे सरदार-राजवंशी, होवा म्हणजे स्वतंत्र सामान्य प्रजा, आणि आंदेवो म्हणजे गुलाम. पंतप्रधान मधल्या थरातले होते.

होवा कुळांना हे महत्त्व आंद्रियानाम्पोइनिमेरिना या राजाने दिलं. 1787 च्या सुमारास त्याने आपल्या नातलगाला हटवून अंबोहिमांगा घेतलं ते या कुळांच्या बळावर, आणि त्याची भरपाई त्यांना सल्लागारपदं आणि सैन्यातल्या जागा देऊन केली. त्यातली दोन कुळं लक्षात ठेवा: अंबोहिमांगाचे त्सिमाहाफोत्सी आणि इलाफीकडचे त्सिमियाम्बोहोलाही. रैनिहारोचं घर दुसऱ्या कुळातलं. पुढचं राजकारण या दोघांच्या तोलावर आणि तो तोल मोडण्यावर चाललं.

दर्यासारंग

पहिला प्रश्न साहजिक आहे. हे म्हणजे सातारचे छत्रपती आणि पुण्याचे पेशवे असंच ना?

बखरकार

वरवर तसं दिसतं. पण फरक मुळातला आहे, तो आधी लक्षात घेतला नाही तर पुढचं सगळं चुकीचं वाचलं जाईल.

1750 च्या सांगोल्याच्या करारानंतर कारभार पुण्यातून चालू लागला आणि छत्रपती साताऱ्यात राहिले. सत्ता आणि गादी यांच्यात अंतर पडलं. मादागास्करात उलट झालं. पंतप्रधानाचा वाडा आंदाफियावारात्रा हा राणीच्या रोवाच्या, म्हणजे राजवाड्याच्या आवाराच्या उत्तरेला, हाकेच्या अंतरावर उभा आहे. 1872 मध्ये विल्यम पूल या इंग्रजाने त्याचा आराखडा केला. पंतप्रधानाने राणीला कुठेही दूर ठेवलं नाही, तो तिच्याशी लग्न करून बसला. राणी रोज त्याच्या हाताशी लागायची, कारण त्याच्या स्वतःच्या शब्दाला धार्मिक वजन शून्य होतं. प्रजा निष्ठा दाखवायला अखंड चांदीचं नाणं अर्पण करायची, त्याला हासिना म्हणत. तो मान राज्यकर्त्याचा. होवा माणूस कितीही मोठा झाला तरी त्याच्यावर पूर्वजांचा हात आहे असं कुणी मानलं नसतं.

दुसरा फरक म्हणजे पेशव्यांच्या आसपास शिंदे, होळकर, भोसले असे स्वतःच्या मुलखाचे आणि फौजेचे मालक उभे राहिले. रैनिलायारिवोनीने तसा एकही माणूस उभा राहू दिला नाही. त्याचे फायदे 30 वर्षं मिळाले आणि तोटा 1895 मध्ये एकदम समोर आला.

तांबडी_माती

पंतप्रधानपदाची ताकद कुठून आली हे समजायला 1863 कडे बघावं लागतं. त्याआधी रैनिहारो किंवा त्याच्याआधीचा आंद्रियामिहाजा हे राणीच्या मर्जीतले पुरुष होते. रादामा पहिला 1828 मध्ये वारल्यावर रानावालोनाला गादीवर आणणाऱ्या अधिकाऱ्यांत आंद्रियामिहाजा होता, तिचा प्रियकर होता आणि सुधारणांच्या बाजूचा होता. 1830 मध्ये विरोधी गटाने तिचं मन वळवलं आणि त्याला ठार केलं गेलं. म्हणजे तोपर्यंत मर्जी गेली की डोकं गेलं.

1863 मध्ये पारडं फिरलं. रादामा दुसरा 1861 च्या ऑगस्टमध्ये गादीवर आला आणि त्याने एकापाठोपाठ एक निर्णय घेतले. विष पाजून आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवण्याची तांगेना नावाची चाल बंद केली, परकीयांना दारं उघडली, जकात रद्द केली आणि फ्रेंच व्यापारी लांबेर याला जमीन-खाणींची प्रचंड सनद दिली. यातली जकात नीट बघा. सैन्यातले वरचे अधिकारी पगारावर जगत नव्हते, बंदरांतल्या व्यापारावर जगत होते. जकात रद्द करणं म्हणजे त्यांच्या घरावर हात घालणं होतं. शिवाय राजाने मेनामासो नावाचं तरुण मित्रांचं टोळकं जवळ केलं आणि जुन्या कुळांना डावललं.

1863 च्या सुरुवातीला खेड्यापाड्यांतून लोक अंगात आल्यासारखे नाचत राजधानीकडे येऊ लागले. मेलेली राणी परत येते आहे असं ते सांगायचे. त्यातच राजाने द्वंद्वयुद्धाला मुभा देण्याचा हट्ट धरला. राहारोने सगळ्यांसमक्ष विरोध केला, राजा ऐकेना. लष्कराने राजधानी ताब्यात घेऊन मेनामासोंना मारलं आणि 12 मे 1863 ला राजाला रेशमी पट्ट्याने गळा आवळून संपवलं. राजवंशाचं रक्त जमिनीवर सांडायचं नाही म्हणून शस्त्र वापरलं नाही.

पुढचं पाऊल सगळ्यात महत्त्वाचं. प्रजेला सांगितलं गेलं की मित्रांच्या मृत्यूच्या दुःखाने राजाने स्वतःच जीव दिला. त्याला रोवात पुरलं नाही, इलाफीला नेलं. त्याची पत्नी राबोदो हिच्यासमोर लेखी अटी ठेवल्या आणि त्या मान्य केल्यावरच ती रासोहेरिना नावाने राणी झाली. राणीने मद्य घ्यायचं नाही. तिच्या एकटीच्या शब्दावर कुणाला देहदंड नाही. सरदार आणि प्रजेचे प्रमुख यांच्या संमतीवाचून नवा कायदा नाही. तांगेना पुन्हा आणायचा नाही, धर्माचं स्वातंत्र्य राहील.

मादागास्करच्या इतिहासातला हा मला सगळ्यात मोठा क्षण वाटतो. राजसत्तेवर लेखी बंधन आलं. दुःख एवढंच की ज्यांनी ते घातलं, त्यांच्यावर बंधन घालणारं कलम त्यात कुठेच नव्हतं.

उंबरठा

मग राहारो एका वर्षात पदावरून कसा गेला? अटी त्यानेच लिहून घेतल्या होत्या ना?

तांबडी_माती

त्याच्याकडे पंतप्रधानपद होतं, सेनापतिपद धाकट्या भावाकडे होतं. राहारोने रासोहेरिनाशी लग्न केलं, मग दारू वाढली, दरबारात दांडगाई वाढली, राणीच्या अंगावर धावून जाण्यापर्यंत मजल गेली. सरदार, कुळांचे प्रमुख आणि खुद्द राणी यांनी रैनिलायारिवोनीला पुढे केलं. 14 जुलै 1864 ला त्याने भावाला हटवलं आणि सेनापतिपद स्वतःकडेच ठेवलं. दोन्ही पदं एका माणसाकडे येण्याची ही पहिली वेळ. याआधी रैनिहारोच्या बरोबरीने त्सिमाहाफोत्सींचा रैनिजोहारी असायचा, 1852 नंतर राहारोच्या बरोबरीनेही तोच. 1861 मध्ये रैनिजोहारी दूर झाला आणि 1864 मध्ये भावाभावांतली वाटणीही संपली. मला विचाराल तर एकहाती सत्तेची खरी तारीख ही, 1863 ची नव्हे.

दर्यासारंग

आणि तीन राण्यांशी लग्न? ते प्रेमाचं होतं की कागदावरचं?

बखरकार

रासोहेरिनाशी त्याचं नातं खरं होतं असं बहुतेक अभ्यासक मानतात. रासोहेरिना आणि तिच्यानंतरची रानावालोना दुसरी, दोघीही रादामा दुसऱ्याच्या विधवा. रैनिलायारिवोनीची पहिली बायको रासोआनालिना, तिच्यापासून त्याला 16 मुलं. राणीशी लग्न करायला तिला सोडावं लागलं. तिसरी, रानावालोना तिसरी, नोव्हेंबर 1883 मध्ये राज्याभिषेकाला 22 वर्षांची होती आणि हा 55 चा. तिथे राजकारणच होतं.

लग्नाचा व्यवहारातला उपयोग असा. राणीपर्यंत कुणाला पोचू द्यायचं हे नवऱ्याच्या हातात येतं, त्यामुळे राणीच्या कानाशी दुसरा गट तयार होत नाही. आंद्रियामिहाजा मेला तो याच वाटेने. दुसरं, राणीला दुसरा नवरा करता येत नाही, म्हणजे दुसऱ्या कुळाला राजवाड्यात शिरकाव नाही. तिसरं, राण्यांना मूल नव्हतं, त्यामुळे पुढची राणी कोण हे दर वेळी खुलं राहायचं आणि ते ठरवणाऱ्या माणसाचं महत्त्व वाढायचं.

1868 च्या मार्चमध्ये रासोहेरिना मरणपंथाला असताना राहारोच्या समर्थकांनी उठाव केला तो नेमका या खिडकीत. दोन राण्यांच्या मधले काही दिवस हाच पंतप्रधानाचा सगळ्यात कमकुवत काळ. उठाव मोडला, 1 एप्रिलला राणी वारली, आणि रानावालोना दुसरी लगेच जाहीर झाली.

उंबरठा

रोजचा हुकूम राजवाड्यातून खेड्यापर्यंत कसा जायचा यावर मी थोडं सविस्तर लिहितो.

मोठा निर्णय असेल तर काबारी, म्हणजे जाहीर सभा. आंदोहालोच्या मैदानात किंवा खाली माहामासिनाला. राणी बोलते, मग पंतप्रधान सैन्याच्या वतीने उत्तर देतो आणि निष्ठेची ग्वाही देतो. सगळ्यांसमोर राणी आणि सैन्य यांच्या मधोमध तो एकटा उभा असतो, सगळा अधिकार त्या जागेतून दिसायचा. कायदेही राणीच्या तोंडी लिहिलेले. 29 मार्च 1881 ची 305 कलमांची संहिता उघडली तर पहिल्यापासून राणी बोलते आहे, पंतप्रधानाचा आवाज नाही. बनवली मात्र त्याच्या देखरेखीखाली. त्याआधीच्या, 1868 च्या संहितेत 101 कलमं होती.

साधा हुकूम असेल तर राजवाड्याचे जासूद, त्सिमांदोआ, पत्र घेऊन प्रांताच्या गव्हर्नराकडे जातात. गव्हर्नर सैन्यातला अधिकारी असतो. सैन्यातला दर्जा 'मानां'च्या संख्येने मोजला जायचा. पद्धत रादामा पहिल्याची, तेव्हा 10 मान होते, नंतर 16 पर्यंत वाढले. मुलकी माणसालाही मान मिळायचे, त्यामुळे अख्खा कारभार सैन्याच्या शिडीवर चढवलेला होता आणि शिडीच्या टोकाला सेनापती म्हणून पंतप्रधानच.

खेड्याच्या पातळीवर 1878 मध्ये त्याने साकाइझाम्बोहित्रा नेमले, सैन्यातून मोकळे केलेले जुने शिपाई. जन्म, मृत्यू, लग्न, जमिनीचे व्यवहार यांची नोंद ठेवायची, गुन्हे वर कळवायचे. तोपर्यंत केंद्राचा स्वतःचा माणूस खेड्यात नव्हताच, गावकीवर आणि सरदारांवर भिस्त होती. आता गावात पंतप्रधानाचा डोळा आला.

1881 मध्ये आठ खात्यांचं मंत्रिमंडळ आलं: अंतर्गत, परराष्ट्र, युद्ध, न्याय, कायदे, व्यापार-उद्योग, खजिना, शिक्षण. युरोपी पाहुण्यांना दाखवायला ते भारी होतं. प्रत्यक्षात मंत्र्याला स्वतःच्या सहीने काही ठरवता येत नसे, कागद आंदाफियावारात्राकडेच जायचे.

तांबडी_माती

धर्म राहिला. 21 फेब्रुवारी 1869 ला राणी आणि पंतप्रधान या दोघांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राजघराण्याच्या साम्पी, म्हणजे संरक्षक दैवतं, जाळली. याकडे फक्त श्रद्धा म्हणून बघू नका. साम्पींच्या राखणदारांना राणीपर्यंत थेट वाट होती आणि स्वतःचे खास अधिकार होते. दैवतं गेली, तशी ती वाटही बंद झाली. शिवाय प्रॉटेस्टंट चर्चचं जाळं हाताशी आलं, त्याच्या शाळा, हजेरीपटांसकट.

बखरकार

हजेरीपट हा शब्द इथे फार कळीचा आहे, कारण बिघाड तिथूनच सुरू होतो.

या राज्यात अधिकाऱ्यांना आणि शिपायांना जवळजवळ पगार नव्हता. सगळा कारभार फानोम्पोआनावर, म्हणजे सरकारी वेठीवर चालायचा. रस्ते, ओझी, इमारती, लष्कर, नंतर सोनं. वेठीला माणसं लागतात आणि माणसं शोधायला यादी लागते. 1879 मध्ये सक्तीची लष्करी सेवा आली, 1881 मध्ये शाळा सक्तीची झाली. शाळेच्या पटावर नाव चढलं की तो मुलगा यादीत आला. मग आईबाप मुलाला शाळेतून लपवायचे, शिपाई सुटका मिळवण्यासाठी वरच्याला पैसे द्यायचे, वरचा त्याच्या वरच्याला. पंतप्रधानाने भ्रष्टाचाराविरुद्ध फर्मानं काढली, पण पगार न देता लाच थांबवता येत नाही. एवढा हुशार माणूस हे बघत नव्हता असं मला वाटत नाही. पगार द्यायला रोख महसूल हवा होता, आणि तो 1886 मध्ये हातातून गेला.

त्याचा हिशेब असा. पहिलं फ्रेंच युद्ध 1883 ते 1885. 17 डिसेंबर 1885 च्या तहाने मादागास्करवर 1 कोटी फ्रँकची भरपाई बसली. ती फेडायला 1886 मध्ये पॅरिसच्या कोंत्वार नास्योनाल देस्कोंत या बँकेकडून 1 कोटी 50 लाखांचं कर्ज, आणि तारण म्हणून तामातावसह सहा बंदरांची जकात. ज्या जकातीसाठी 1863 मध्ये राजाचा जीव गेला, तीच आता बँकेच्या हिशेबनिसाकडे. मग उरलं सोनं. त्याच वर्षी सुबर्बी या फ्रेंच माणसाला मेव्हातानानाच्या भागात सोन्याचा मक्ता दिला आणि मजूर सरकारने वेठीने पुरवायचे ठरवलं. वेठ वाढली, पळून जाणारे वाढले, पळालेले दरोडेखोर झाले, त्यांना आवरायला सैन्य हवं आणि सैन्यासाठी पुन्हा वेठ.

दर्यासारंग

तहात फ्रान्सला संरक्षकत्व मिळालं होतं का? काही ठिकाणी हो लिहिलंय, काही ठिकाणी नाही.

उंबरठा

तहात 'संरक्षकत्व' हा शब्दच नाही. परराष्ट्र संबंध फ्रेंच रेसिडेंट पाहील, असं आहे. रैनिलायारिवोनीने तह मंजूर करण्याआधी त्याचा अर्थ लेखी मागितला आणि फ्रेंच वाटाघाटी करणारे पात्रिमोनियो व मियो यांनी 9 जानेवारी 1886 च्या पत्रात तो मवाळ करून दिला. पॅरिसने ते पत्र मानलं नाही, याने मात्र ते तहाचाच भाग धरलं.

मग नऊ वर्षं भांडण एका कागदावर: परदेशी वकिलाला मान्यतेचं पत्र कोण देणार? रेसिडेंट ल मीर द विलेर म्हणे ते माझ्यामार्फत, पंतप्रधान म्हणे राणीच्या सरकारकडून. हा हट्ट क्षुल्लक नव्हता. ते पत्र देणारा तो सार्वभौम, एवढा सरळ हिशेब होता. छोट्या राज्याच्या हातात वेळ काढणं हे एकच हत्यार असतं आणि त्याने ते शेवटपर्यंत चालवलं. ऑगस्ट 1890 मध्ये ब्रिटनने झांझिबारवरचा आपला हक्क फ्रान्सकडून मान्य करून घेतला आणि बदल्यात मादागास्करवर फ्रान्सचं संरक्षकत्व मान्य केलं. इंग्रज पाठीशी उभे राहतील या आशेवरच त्याची मांडणी उभी होती. ती तिथे संपली.

तांबडी_माती

1895 ची मोहीम बघितली की पंतप्रधानाच्या सत्तेची दुसरी बाजू कळते.

फ्रेंचांचे साधारण 15,000 सैनिक माजुंगाला उतरले. जनरल दुशेनने लोखंडी गाड्यांसाठी दलदलीतून रस्ता काढायला लावला आणि मलेरियाने माणसं पटापट मेली. मोहिमेत जवळजवळ 6,000 दगावले, लढाईत पडलेले त्यात मोजके. म्हणजे रान आणि ताप हे माझे सेनापती, असं जे रादामा पहिल्याच्या नावावर सांगतात, ते खरं ठरत होतं. आजारी, अडकलेल्या फौजेवर कुणी जोराचा घाव घातला असता तर मोहीम परत गेली असती.

घाव घालणारा सेनापती मात्र नव्हता. नजरेत भरेल असा प्रत्येक जण 30 वर्षांत बाजूला केला होता. युरोप-अमेरिकेत वकिलात घेऊन गेलेला पुतण्या राव्होनिनाहित्रिनियारिवो, परराष्ट्रमंत्री, 1887 मध्ये कटाच्या आरोपावरून हद्दपार. 1893 मध्ये खुद्द मुलगा राजोएलिना कटात. रणांगणावर धाडलेले अधिकारी राजधानीच्या हुकमाची वाट बघत मागे सरकत गेले. दुशेनने 14 सप्टेंबरला आंद्रिबाहून 4,000 च्या आसपास माणसं घेऊन सडी चाल केली, 30 तारखेला राजधानीवर तोफा डागल्या, राजवाड्याच्या आवारात गोळे पडले आणि पांढरं निशाण चढलं.

दर्यासारंग

म्हणजे ज्या रीतीने त्याने खुर्ची टिकवली, त्याच रीतीने राज्य गमावलं?

तांबडी_माती

बहुतांशी हो, पण सगळा दोष त्याच्यावर टाकायला मी तयार नाही. आफ्रिकेत त्या दशकात उत्तम सेनापती असलेली राज्यंही पडली. त्याने 1877 मध्ये मोझांबिकहून आणलेल्या गुलामांना मुक्त केलं, जमीन परकीयांना विकण्यावर बंदी टिकवली, छापील कायदा दिला. हे सगळं कर्जाच्या आणि तोफांच्या छायेत केलं.

बखरकार

शेवटच्या पंतप्रधानाबद्दल व्यनिमध्ये विचारणा झाली, उत्तर इथेच देतो. ऑक्टोबर 1895 मध्ये फ्रेंचांनी रैनिलायारिवोनीला काढून म्हाताऱ्या रैनित्सिम्बाझाफीला बसवलं. ना सैन्य, ना राणीशी लग्न, ना जकात. पद तेच, पण हुकूम चालेना. नोव्हेंबर 1895 मध्येच आरिव्होनिमामोला मेनालांबांचा उठाव पेटला, आणि त्यांचा रोख परकीयांइतकाच चर्च, शाळा आणि वेठीच्या अधिकाऱ्यांवर होता. 15 ऑक्टोबर 1896 ला फ्रेंच जनरल गालिएनीने अंतर्गत मंत्री रैनांद्रियामाम्पांद्री आणि राणीचा नातलग रात्सिमामांगा यांना गोळ्या घातल्या. 28 फेब्रुवारी 1897 ला राजेशाहीच रद्द झाली.

रैनिलायारिवोनी जुलै 1896 मध्ये अल्जियर्सला हद्दपारीत वारला.

उंबरठा

त्याचे अवशेष 1900 मध्ये परत आणून अंतानानारिवोच्या इसोत्रीतल्या घराण्याच्या समाधीत ठेवले. ही समाधी बाप रैनिहारोसाठी जां लाबोर्दने बांधली. लाबोर्द 1831 मध्ये जहाज फुटून मादागास्करच्या पूर्व किनाऱ्याला लागला, पण त्याआधी काही वर्षं मुंबईत होता, आणि समाधीच्या खांबांत, कमानींत हिंदुस्थानी वळण स्पष्ट दिसतं. कुणी तिकडे जाणार असेल तर रोवा आणि आंदाफियावारात्राबरोबर इसोत्रीही यादीत ठेवा. मुंबईतल्या कोणत्या इमारतींचं वळण त्यात उतरलंय यावर वास्तुकलेतल्या जाणकारांनी इथे लिहिलं तर हवं आहे.